वाचनालयाच्या वहीतून कादंबरीकडे: एका पुराचा माग कसा काढावा

आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर गेलं की धोका. सांगलीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणूनच लेखिकेनं वाचनालयात काय वाचलं आणि पुढे तिच्या पुस्तकात त्याचं काय झालं हे शोधायची रीत सांगलीतल्या वाचक गटाला शिकायची असेल, तर जॉर्ज एलियटच्या ‘द मिल ऑन द फ्लॉस’पासून सुरुवात करावी. कादंबरी पुरात संपते. तो पूर लिहिण्याआधी बाईंनी कागदोपत्री शोधला होता, आणि शोधल्याची तारीखही आपल्याकडे आहे.

जॉर्ज एलियट हे टोपणनाव. मूळ नाव मेरी ॲन एव्हान्स (१८१९–१८८०). वडील आर्बरी हॉल या इस्टेटीचे कारभारी, त्यामुळे तिथला खासगी ग्रंथसंग्रह वापरायची मुभा मुलीला लवकर मिळाली. पुढे लंडनमध्ये जोडीदार जॉर्ज हेन्री लुइस लंडन लायब्ररीचे सभासद होते. ही १८४१ साली निघालेली वर्गणीची लायब्ररी. तिथली पुस्तकं त्यांच्यामार्फत घरी येत. ब्रिटिश म्युझियमचं वाचनदालन होतंच. म्हणजे उसन्या वाचनाच्या वाटा निदान तीन, आणि प्रत्येकीच्या खुणा वेगळ्या.

प्रश्न एकच घ्या

‘लेखिकेवर वाचनाचा प्रभाव’ असा विषय घेतलात की चार बैठका नुसत्या गप्पांत जातात. प्रश्न मुठीत मावेल एवढा हवा: या कादंबरीतल्या पुराचे तपशील कुठून आले? सहा जणांचा गट, दोन-दोन तासांच्या चार बैठका आणि एक दोनशेपानी आडवी वही एवढ्यात काम होतं. माणसं जास्त असतील तर दोन गट करा. सहाच्या वर गेलं की वही एकाच्याच हातात राहते आणि बाकीचे चहाची वाट बघतात.

साहित्य फुकट मिळतं. कादंबरी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहे. बाईंच्या रोजनिशीतले आणि पत्रांतले उतारे त्यांचे पुढे झालेले पती जॉन क्रॉस यांनी १८८५ साली तीन खंडांत छापले, तेही इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. क्रॉसनी कात्री मात्र सढळ हातानं चालवली आहे. न शोभणारं, घरगुती, चटपटीत असं बरंच गाळलं. म्हणून क्रॉसमध्ये एखादी नोंद नसली तर ‘नोंदच नाही’ असं लिहू नका, ‘क्रॉसमध्ये नाही’ असं लिहा. रोजनिशीची नीट संपादित आवृत्ती १९९८ साली केंब्रिजनं काढली. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून ती मिळवता आली तर उत्तम.

तक्ता आखा

वहीचं डावं-उजवं पान मिळून आठ रकाने पाडा: अनुक्रमांक, तारीख, पुस्तक आणि त्याची आवृत्ती, कोणाच्या नावावर, घरी नेलं की तिथेच पाहिलं, परत केल्याची तारीख, टिपण किंवा पत्रातला उल्लेख, कादंबरीतली जागा. शेवटी खात्रीचा दर्जा लिहायला बोटभर जागा सोडा.

पाचवा रकाना लोक हमखास विसरतात, आणि इथे सगळं त्यावरच अडतं. आपली पहिली नोंद बघा. १२ जानेवारी १८५९ ला बाई रोजनिशीत लिहितात की आज आम्ही शहरात गेलो आणि ‘ॲन्युअल रजिस्टर’ या वार्षिकात पुराच्या घटना पाहिल्या. पाहिल्या, घरी आणल्या असं त्या म्हणत नाहीत. संदर्भ विभागात बसून चाळलेलं पुस्तक कुठल्याच देवघेव वहीत चढत नाही, ना तिकडच्या, ना आपल्याकडच्या. नुसत्या देवघेव वहीवर विसंबलं असतं तर या कादंबरीचा सगळ्यात महत्त्वाचा धागा हातातून निसटला असता.

तारखेकडेही लक्ष द्या. बाईंची आधीची कादंबरी ‘ॲडम बीड’ बाजारात यायची होती, ती १ फेब्रुवारी १८५९ ला आली. ‘मिल’ लिहून संपलं २१ मार्च १८६० ला आणि प्रसिद्ध झालं ४ एप्रिलला. म्हणजे तीन खंडांच्या गोष्टीतलं शेवटचं प्रकरण सगळ्यात आधी शोधायला घेतलं. हे एकदा कळलं की आधीच्या खंडांतल्या बारीक जागा वेगळ्याच दिसू लागतात. पोरं पाण्यात बुडतील ही आईची धास्ती, गिरणीचा मालक बदलला की नदी कोपते ही म्हण, गावच्या संत ऑगची नावेची दंतकथा. पूर दाराशी यायच्या कितीतरी आधीपासून पाणी मुरत आलेलं आहे.

दोन जोड्या एकमेकींपासून लांब ठेवा

गटाच्या तीन जोड्या करा. पहिली जोडी रोजनिशी आणि पत्रं बघेल. दुसरी ‘ॲन्युअल रजिस्टर’ बघेल. तिसरी फक्त कादंबरी वाचेल आणि पाण्याशी संबंध असलेला प्रत्येक तपशील पान क्रमांकासह उतरवेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीनं तिसऱ्या बैठकीपर्यंत आपापली यादी एकमेकांना दाखवायची नाही. यात कुणावर अविश्वास नाही. कादंबरी वाचून मग मूळ पुस्तक उघडलं की जिथेतिथे साम्य दिसायला लागतं. पूर म्हटला की पाणी चढणार, माणसं छपरावर जाणार, कुणीतरी होडी काढणार. ते जगातल्या कुठल्याही पुरात असतं, त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

‘ॲन्युअल रजिस्टर’ हे १७५८ सालापासूनच्या घडामोडींचं वार्षिक. दरवर्षीच्या खंडात तारीखवार घटनांचा एक विभाग असतो, ‘क्रॉनिकल’ नावाचा. सरळ तिथे जा, राजकारणाच्या पानांत अडकू नका. जुन्या खंडांच्या स्कॅनमध्ये शब्द शोधताना एक खोच आहे. अठराव्या शतकातल्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांबट असतो आणि संगणक तो ‘एफ’ म्हणून वाचतो. ‘हाउस’ शोधलंत तर घरं सापडणारच नाहीत, तोच शब्द ‘एस’च्या जागी ‘एफ’ टाकून शोधावा लागतो. ‘फ्लड’ आणि ‘इनंडेशन’ या शब्दांत ‘एस’ नाही, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करा. तरीही यंत्राच्या शोधात काही ना काही सुटतंच, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या नोंदी डोळ्यांनी चाळा. तिकडचे मोठे पूर बरेचदा थंडीतले असतात. आपल्या जुलै-ऑगस्टच्या हिशेबानं शोधाल तर फसाल.

कादंबरीच्या जोडीनं शेवटचं प्रकरण ओळ न् ओळ वाचायचं. नायिका मॅगी रात्री गुडघे टेकून बसलेली आहे आणि पाय, गुडघे एकदम गार पडतात. पाणी दाराखालून आत आलेलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना या वाक्यावर टीप लागत नाही. मग होडी, गिरणीपर्यंतचा प्रवास, भाऊ टॉमला खिडकीतून घेणं. आणि शेवटी धक्क्यावरची लाकडी यंत्रसामग्री तुटून तिचा ढीग प्रवाहातून येतो आणि होडी त्याखाली जाते. तुमच्या यादीत ठळक खूण इथे करा. पाणी चढलं हा सामान्य तपशील आहे, धक्क्यावरचं लाकूडकाम सुटून वाहत आलं हा नेमका. माग काढायचा तो नेमक्या तपशिलाचा.

या ढिगावर समीक्षकांनी आक्षेपही घेतला आहे. एकाच प्रवाहात वाहणारी होडी आणि लाकडं साधारण सारख्याच वेगानं जाणार, मग ढीग होडीला गाठतो कसा? महापुरात ओंडके आणि जलपर्णी जाताना ज्यांनी पुलावरून पाहिली आहेत त्यांनी यावर बोलावं. मधल्या धारेचा वेग काठापेक्षा जास्त असतो, पण होडीही मधल्या धारेतच आहे. गटात इथे वाद होतो, आणि तो पुस्तकातल्या इतर कुठल्याही वादापेक्षा चांगला होतो.

एक जागा मात्र रजिस्टरच्या खात्यात टाकू नका. पहिल्या भागात ‘ईगर’चा उल्लेख येतो, म्हणजे भरतीच्या वेळी नदीतून उलटी चढत येणारी लाट. हा ट्रेंट नदीचा प्रकार. सप्टेंबर १८५९ मध्ये बाई आणि लुइस योग्य नदी शोधत फिरले आणि ट्रेंटकाठचं गेन्सबरो पाहून आले. कादंबरीतलं सेंट ऑग्ज गाव त्यावर बेतलेलं आहे. ही पाहणी झाली, वाचन नव्हे. तिला वेगळी खूण ठेवा.

दर्जा द्या: अ, ब, क, ड

आपल्या वाचनालयांना शासन जसा दर्जा देतं तसाच प्रत्येक नोंदीला द्या, लक्षात राहायला सोपं. पुस्तक लेखिकेच्या आवाक्यात होतं एवढंच माहीत असेल तर ड. नेल्याची किंवा पाहिल्याची तारीख सापडली तर क. त्यानंतर लिखाण झालं, आणि टिपणवहीत किंवा पत्रात त्याचा पुरावा मिळाला तर ब. त्यावर कादंबरीत असा तपशील सापडला जो दुसरीकडून सहज आला नसता, तर अ.

पुराची नोंद अशी क वर सुरू होते. ती वर न्यायची की नाही हे तुमच्या दोन याद्या ठरवतील. न गेली तर क वर राहू द्या. शाळेतल्या प्रकल्पासारखं सगळं अ आणायची हौस इथे नको.

अ दर्जा कसा दिसतो तो बघायचा असेल तर ‘मिडलमार्च’ (१८७१–७२) घ्या. कथा १८२९ ते १८३२ च्या काळातली, म्हणजे लिहिण्याच्या चाळीस वर्षं आधीची. तयारीसाठी बाईंनी जी टिपणवही केली तिला त्या ‘क्वारी’, म्हणजे दगडाची खाण, म्हणत. ती आज हार्वर्डमध्ये आहे, १९५० साली छापलीही गेली. तिचा पहिला भाग वैद्यकीय उताऱ्यांचा, त्यात ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातलं बरंच काही. दुसऱ्या भागात राजकीय तारखा आणि प्रकरणांची जुळणी. १८६९ च्या रोजनिशीत वैद्यकाचा इतिहास वाचत असल्याच्या नोंदी आहेत.

आता कादंबरी. दारूनं झिंगून भ्रम झालेला रॅफल्स, जो बुलस्ट्रोड या बँकवाल्याचं जुनं गुपित जाणतो, त्याच्याच घरी पडलेला आहे. तेव्हाची रूढ पद्धत अशी की अशा रोग्याला दारू चालू ठेवायची आणि अफूचे मोठे डोस देत राहायचं. तरुण डॉक्टर लिडगेट उलट सांगतो: दारू बंद, अफू मोजकी, आणि ती कुठे थांबवायची तेही ठरलेलं. तो अमेरिकेतल्या डॉ. वेअर यांच्या अनुभवाचा आधार घेतो, आणि वेअर यांचं नाव कादंबरीत छापलेलं आहे. बुलस्ट्रोड शुश्रूषा करणाऱ्या बाईला अफू कधी थांबवायची ते सांगत नाही आणि पुढे ब्रँडीच्या कपाटाची किल्लीही देतो. रोगी मरतो. जुन्या पद्धतीच्या हिशेबानं कुणाचं काहीच चुकलेलं नसतं, नव्या पद्धतीच्या हिशेबानं तो जवळजवळ खून असतो. अख्ख्या प्रसंगाचा कणा एका वैद्यकीय मतावर उभा आहे, आणि ते मत त्या साली नवं होतं. वाचन कादंबरीत मुरतं म्हणजे काय, हे गटाला दाखवायला यापेक्षा चांगली पानं मिळणार नाहीत. तक्ता बाजूला ठेवून ती मोठ्यानं वाचा.

कुठे चुकतं

सर्वांत मोठी चूक नावाची. वहीतलं नाव वर्गणीदाराचं असतं, वाचणाऱ्याचं असेलच असं नाही. एलिझाबेथ गास्केल (१८१०–१८६५) यांचं उदाहरण घ्या. मँचेस्टरची पोर्टिको लायब्ररी १८०६ साली उघडली. बाईंचे पती विल्यम गास्केल तिचे अनेक वर्षं अध्यक्ष होते, आणि पुस्तकं यायची ती त्यांच्या नावावर. त्रैमासिकं प्रसिद्ध झाल्यावर तीन महिने सभ्य गृहस्थांसाठी टेबलावरच पडून राहतात, मग कुठे भांडून माझ्या हाती लागतात, अशी चिडचीड बाईंनी पत्रात केली आहे. या वाक्याचा कामाला उपयोग आहे: बाईंच्या बाबतीत नियतकालिकाच्या प्रकाशनाची तारीख आणि वाचल्याची तारीख यांत तीन महिन्यांचं अंतर धरून चला.

आपल्याकडे हे ओळखायला कष्ट नाहीत. आष्ट्यात १८६१ साली जन्मलेल्या काशीबाई कानिटकर लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या आणि मराठीतल्या सुरुवातीच्या कादंबरीकार झाल्या. त्या काळच्या कुठल्याही वर्गणीदार यादीत अशा बाईचं वाचन शोधायचं तर नवऱ्याच्या, दिराच्या, वडिलांच्या नावाखाली बघावं लागतं. उलटही खरं: नवऱ्याच्या नावावरचं प्रत्येक पुस्तक बायकोनं वाचलं असं धरू नका. विल्यम गास्केल स्वतः धर्मोपदेशक आणि व्यासंगी होते, प्रवचनांचे संग्रह त्यांच्याच खात्यात राहू द्या.

दुसरी चूक, नेलं म्हणजे वाचलं असं मानण्याची. परतीची तारीख बघा. जाड पुस्तक दोन दिवसांत परत आलं तर एकच गोष्ट बघायला नेलं असेल, आणि संशोधकाला नेमकं असंच पुस्तक हवं असतं. तीन महिने घरी राहिलेलं पुस्तक कपाटावर धूळ खात पडलेलंही असू शकतं. दिवस मोजा, पण त्यावरून दर्जा वाढवू नका.

तिसरी, घरातलं पुस्तक विसरण्याची. बाई आणि लुइस यांचा स्वतःचा संग्रह मोठा होता. विकत घेतलेलं पुस्तक वहीत कसं येईल?

वाचन फार झाल्यानंही कादंबरी बिघडते, हेही तक्त्यात दिसतं. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सवरच्या ‘रोमोला’साठी (१८६२–६३) बाईंनी इतकं वाचलं की लुइसना काळजी वाटू लागली, आणखी संशोधन करायला उत्तेजन देऊ नका असं त्यांनी प्रकाशक ब्लॅकवुडना कळवलं. ‘मिल’ची गंमत उलटी. पूर वर्षभर आधी शोधून ठेवला, पण पहिल्या दोन खंडांत बालपण लिहिता लिहिता जागा संपली आणि शेवटाची तयारी अपुरी राहिली, असं बाईंनी स्वतःच मान्य केलं. तीन खंड ही चौकटही वाचनालयांनीच पोसलेली: मुडीच्या फिरत्या लायब्ररीत वर्षाला एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, भरली की एका वेळी एक खंड मिळे, आणि तीन खंडांच्या कादंबरीची किंमत साडेएकतीस शिलिंग असल्यानं विकत घेण्यापेक्षा वर्गणी परवडे.

हीच रीत आपल्या वह्यांवर

गटाचा हात बसला की जवळच्या जुन्या वाचनालयाकडे वळा. सातारा, सांगली, वाई, मिरज या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकापासूनची वाचनसंस्कृती आहे, पण देवघेव वह्या सहसा टिकत नाहीत. दाखल नोंदवही टिकते, कारण लेखापरीक्षणाला ती लागते. तेव्हा कार्यवाहांना अर्ज देताना ‘जुन्या वह्या बघायच्या आहेत’ असं मोघम लिहू नका. दाखल नोंदवही, वर्गणीदार यादी आणि अनामत रजिस्टर अशी तीन नावं आणि सालं लिहा. दाखल नोंदवहीतून ड दर्जापर्यंतच जाता येतं, म्हणजे पुस्तक तिथे होतं एवढंच. तरी तेवढंही मोलाचं: अमुक साली अमुक पुस्तक त्या वाचनालयात नव्हतंच, हे तिच्यावरूनच कळतं.

जुन्या नोंदी मोडीत असतील तर वाचणारा माणूस आधी शोधा, वही नंतर मागा. तारीख शकात असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. डिसेंबरअखेर कधी मार्गशीर्षात तर कधी पौषात येते, म्हणून या दोन महिन्यांत तिथीवरून इंग्रजी तारीख काढल्याशिवाय साल लिहू नका. एका वर्षाची चूक छोटी वाटते, पण त्यामुळे पुस्तक लिहून झाल्यावर वाचलेलं वाचन आधीचं ठरतं आणि सगळा तक्ता कोसळतो.

फोटो काढताना वही सपाट दाबू नका, शिवण तुटते. दोन्ही बाजूंना दुमडलेला टॉवेल ठेवून ती अर्धवटच उघडा, खिडकीच्या उजेडात वरून फोटो घ्या, फ्लॅश बंद. पहिल्या फोटोत वहीचं मुखपृष्ठ आणि सालाची चिठ्ठी घ्या, नाहीतर दोनशे फोटोंनंतर कुठलं पान कुठल्या वहीचं ते कळत नाही. पुरात भिजून चिकटलेली पानं सोडवायला जाऊ नका, शाई आणि कागदाचा थर दुसऱ्या पानावर निघून येतो. अशी वही तशीच बांधून ठेवायला सांगा आणि तक्त्यात तिच्या सालांपुढे ‘वही उघडत नाही’ असं लिहा. तो रकाना कोरा सोडला तर पुढचा वाचणारा ‘नोंद नाही’ असा अर्थ घेईल.

आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या वहीत वर्गणीदारांची नावं उतरवू नका, वर्गणीदार क्रमांक पुरे. कोणाच्या आजीनं काय वाचलं ते तिच्या घरच्यांनी सांगितलं तर लिहा.